‘नॉर्मल’च्या रकान्यात कोण बसलंय?

मॅडम, नमस्कार.

माझी मुलगी नऊ वर्षं चार महिन्यांची आहे, चौथीत शिकते. वरचे दात पुढे आणि हनुवटी आत, म्हणून गेल्या महिन्यात तिला ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, नेलं. त्यांनी डोक्याचा बाजूने एक्स-रे काढला आणि कॉम्प्युटरचा दोन पानी रिपोर्ट हातात दिला. एका रकान्यात ‘नॉर्मल’, शेजारी हिचा आकडा. एसएनए ८२ ला ८१, एसएनबी ८० ला ७५, एएनबी २ ला ६, आयएमपीए ९० ला १०१. शेवटच्या तिन्हींपुढे लाल चांदणी. वरचे दात खालच्यांच्या ७ मिलीमीटर पुढे आहेत. डॉक्टर म्हणाले, खालचा जबडा मागे आहे, आत्ताच ट्विन ब्लॉक नावाच्या प्लेटा लावू. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, बारा वर्षांची होऊ दे, मग बघू. या गोंधळात मुलीने रिपोर्ट वाचला आणि विचारलं, “आई, माझी कवटी चुकलीय का?” सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणतात, कवट्या मोजणं हे इंग्रजांचं खूळ, फेकून दे तो कागद. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात सगळ्यांचीच हनुवटी अशी. मी कोणाचं ऐकू?

ता. क. ती तान्ही असताना मोहरीची उशी वापरायचा मी कंटाळा केला होता. त्यामुळे तर झालं नाही ना?

– एक आई, सातारा

*

ताई, आधी लेकीला उत्तर देऊ, ती वाट बघत असेल. तिची कवटी चुकलेली नाही. तुम्ही लिहिलेल्या चार आकड्यांतला एकही नुसत्या कवटीचा नाही. कवटीच्या तळाशी एक रेघ धरायची आणि तिच्यापासून जबडे किती पुढे, किती मागे ते बघायचं, असा हा हिशोब आहे. एसएनए म्हणजे वरचा जबडा, एसएनबी म्हणजे खालचा, आणि एएनबी म्हणजे त्या दोघांतला फरक, सगळं अंशांत. आयएमपीएला तर ती रेघही लागत नाही. खालचा पुढचा दात आपल्याच जबड्यावर किती कललाय एवढंच तो सांगतो. तिला सांगा, वरचा जबडा जागेवर आहे, खालचा अजून वाढायचाय. यात धीर देण्यासाठी मारलेली थाप नाही, तिच्याच रिपोर्टात ते लिहिलेलं आहे.

खालचा जबडा मुळातच आळशी. तान्ह्या बाळाकडे बघा, सगळं डोकंच असतं, तोंड म्हणजे त्याखाली चिकटवलेली एक चिमूट. जन्माच्या वेळी डोक्याची कवटी आणि चेहरा यांचं प्रमाण साधारण आठास एक असतं, मोठेपणी ते दोनास एकच्या आसपास येतं. सहा-सात वर्षांपर्यंत मेंदू जवळजवळ मोठ्या माणसाएवढा होतो, म्हणून कवटीही तेवढ्यात बरंचसं काम उरकून घेते. चेहरा मागून येतो, त्यातही वरचा जबडा आधी आणि खालचा सगळ्यात शेवटी. त्यामुळे नऊ वर्षांच्या पुष्कळ मुलांची हनुवटी ‘आत’ दिसते, आणि दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत तेच चेहरे ओळखू येत नाहीत. सगळ्यांचं तसं होतंच असं नाही. तुमच्या मुलीचं काय होईल याकडे पुढे येते.

आता तो ‘नॉर्मल’चा रकाना. या रकान्यात नक्की कोण बसलंय, हे पालक कधीच विचारत नाहीत, आणि आम्ही डॉक्टर सांगत नाही.

लेकीच्या लहानपणी बालरोगतज्ज्ञ टेपने तिच्या डोक्याचा घेर मोजायचे ते आठवत असेल. जन्मतः ३४-३५ सेंटिमीटर, वर्षाचं झाल्यावर ४६ च्या आसपास, पाचव्या वर्षी पन्नासच्या आगेमागे. त्यासाठीचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली काढला, सहा देशांतली निरोगी मुलं मोजून, आणि त्यात आपल्या दिल्लीतली मुलंही होती. त्या तक्त्याला ‘नॉर्मल’ म्हणायला माझी हरकत नाही. तुमच्या हातातल्या रिपोर्टाची जन्मकथा वेगळी आहे.

डोकं एका चौकटीत, कानांत दोन दांड्या घालून स्थिर धरायचं, पाच फुटांवरून बाजूने एक्स-रे काढायचा, म्हणजे आजचा आणि पाच वर्षांनंतरचा फोटो एकमेकांवर ठेवून बघता येतो. ही युक्ती १९३१ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या ब्रॉडबेंट यांनी मांडली, त्याच वर्षी जर्मनीत होफ्राथ यांनीही. फोटो मिळाले, पण त्यांवरून ठरवायचं काय? १९४८ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या विल्यम डाउन्स यांनी उत्तम दात असलेली १२ ते १७ वयाची गोरी मुलंमुली निवडून त्यांची मापं छापली. किती मुलं असतील? वीस. दहा मुलगे, दहा मुली. पुढे १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेसिल स्टायनर यांनी आपलं विश्लेषण प्रसिद्ध केलं. ८२, ८० आणि २ हे तुमच्या रिपोर्टातले आकडे त्यांचे. स्टायनर यांचा आदर्श चेहरा म्हणजे हॉलिवूडची एक नवखी नटी होती अशी आमच्या धंद्यात एक गोष्ट सांगतात. ती बहुधा खरी नाही, अक्षरशः दंतकथा. पण ती इतकी वर्षं टिकली, कारण ऐकणाऱ्याला ती अशक्य वाटत नाही.

म्हणजे साताऱ्याच्या चौथीतल्या मुलीशेजारी त्या कागदावर कोण उभं आहे बघा. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची, अमेरिकेतली, बहुतेक तिच्याहून वयाने मोठी, आणि चेहरा आवडला म्हणून निवडलेली मुलं. चांदणी डॉक्टर देत नाहीत, सॉफ्टवेअर देतं, आणि सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने जो तक्ता आधीपासून भरून ठेवलेला असतो तोच बऱ्याच क्लिनिकांत वर्षानुवर्षं चालू राहतो. वय आणि तक्ता बदलायची सोय बहुतेक ठिकाणी असते. तुम्ही विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

वयानुसार तक्ते आहेत. क्लीव्हलंडमध्ये, मिशिगनमधल्या अॅन आर्बरमध्ये, कॅनडातल्या बर्लिंग्टनमध्ये मुलांचे वर्षानुवर्षं एक्स-रे काढत राहिले आणि त्यातून एकेका वयाची सरासरी निघाली. निरोगी मुलाला दरवर्षी निव्वळ मोजमापासाठी एक्स-रेखाली बसवायची परवानगी आज कोणतीही समिती देणार नाही, त्यामुळे तसा साठा नव्याने तयार होणं अवघड. या तक्त्यांत दिसतं की एएनबी लहानपणी जास्त असतो आणि खालचा जबडा पुढे येतो तसा कमी होत जातो. नवव्या वर्षी सरासरीच दोनच्या वर असते. शिवाय सरासरी म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. दोन आकडा असला तरी दोन अंश इकडे, दोन अंश तिकडे हा साधा फरक धरलेला असतो. म्हणजे तीनांतली दोन माणसं शून्य ते चारमध्ये सापडतात आणि उरलेलं एक बाहेर, तरी ते आजारी नसतं. सहा हा आकडा कडेचा आहे. कडेबाहेर फेकलेला नाही.

आपल्या लोकांचं काय, हा पुढचा प्रश्न. भारतात १९६० च्या दशकापासून वेगवेगळ्या प्रांतांत अशी मापं घेतली गेली आहेत, महाराष्ट्रातही. त्यांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: आपल्याकडे चांगल्या, जुळलेल्या दातांच्या माणसांतही पुढचे दात जरा पुढे कललेले आणि ओठ थोडे भरदार असतात. आयएमपीए ९० हा आकडा अमेरिकेतल्या ट्वीड यांचा. आपल्याकडच्या सरासऱ्या त्याच्या वर जातात. म्हणून १०१ पुढची लाल चांदणी मी निम्मी पुसून टाकीन. निम्मीच, उरलेल्या निम्मीकडे परत येते. यात अडचण एवढीच की आपल्याकडचे बरेचसे अभ्यास वाढ पूर्ण झालेल्या तरुणांवरचे आहेत, नऊ वर्षांच्या मुलांवरचे नाहीत. म्हणजे गोऱ्या मुलांचा तक्ता वयाला जुळतो पण माणसांना नाही, आणि आपला तक्ता माणसांना जुळतो पण वयाला नाही. आम्ही दोन्ही समोर ठेवतो आणि मधून वाट काढतो. गणवेशाच्या दुकानात ‘चौथीचा’ म्हणून दिलेला फ्रॉक कधी मांडीपर्यंत येतो, कधी पोटरीवर, तेव्हा आपण मुलीला परत पाठवत नाही.

आणखी एक घरातली गोष्ट सांगते. शिकत असताना आमच्या सरांनी एकाच एक्स-रेवर दोनदा ट्रेसिंग करायला लावलं, मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवून. उजेडाच्या पेटीवर फिल्म, तिच्यावर अर्धपारदर्शक कागद, ०.३ ची पेन्सिल, जीव लावून केलेलं काम. दोन ट्रेसिंगमधल्या माझ्याच एएनबीत दीड अंशाचा फरक आला. मी ओशाळले, तर सर म्हणाले, सगळ्यांचा येतो, म्हणून तर करायला लावलं. वरच्या जबड्याचा ‘ए’ हा बिंदू हाडाच्या एका सौम्य वळणावर असतो. तो नेमका कुठे टेकवायचा यावर माणसंच काय, कॉम्प्युटरही एकमत करत नाहीत. त्यात एएनबी हा कोन नाकाच्या मुळाशी, भुवयांच्या मधे उघडतो. तिथलं हाड एखाद्याचं जरा पुढे किंवा मागे असलं की जबडे जागचे न हलता कोन बदलतो. ही खोड काढायला १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटरसरँड विद्यापीठातल्या जेकबसन यांनी ‘विट्स’ नावाचं वेगळं माप सुचवलं. ते नाकाकडे न बघता दातांच्या चावण्याच्या पातळीवर दोन्ही जबडे मोजतं. तुमच्या रिपोर्टात खाली कुठेतरी असेल. ते शून्यापासून बरंच वर असेल तर एएनबी खरं बोलतोय असं समजा.

एवढं ऐकून सासऱ्यांसारखं कागद फेकून द्यावा असं वाटेल. नका फेकू. सगळे आकडे एकाच दिशेला बोट दाखवतायत: एसएनए जागेवर, एसएनबी मागे, दात ७ मिलीमीटर पुढे. पहिल्या डॉक्टरांचं निदान बरोबर आहे, खालचा जबडा मागे आहे. वाद निदानाचा नाहीच, वेळेचा आहे, आणि वेळ रिपोर्टात लिहिलेली नसते.

ट्विन ब्लॉक म्हणजे वर एक आणि खाली एक अशा काढता-घालता येणाऱ्या दोन प्लेटा, त्यांच्या उतारांमुळे मूल खालचा जबडा पुढे धरूनच तोंड मिटतं. जवळजवळ दिवसभर घालायच्या, नऊ महिने ते वर्षभर. ‘जबडा वाढवतो’ असं त्याबद्दल सर्रास सांगितलं जातं. खरं सांगायचं तर हाडाच्या वाढीत पडणारी भर मिलीमीटर-दोन मिलीमीटरची असते. बाकीची सुधारणा वरचे दात मागे आणि खालचे पुढे कलल्यामुळे होते. म्हणून १०१ वरची ती उरलेली निम्मी चांदणी. खालचे दात आधीच पुढे झुकलेले असताना त्यांना आणखी झुकवायचं का, हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा. एएनबीपेक्षा मला याची जास्त फिकीर आहे.

हे लवकर, म्हणजे आठ-नऊ वर्षांना केलं तर जास्त फायदा होतो का, यावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये चिठ्ठ्या टाकून मुलांचे गट पाडून मोठे अभ्यास झाले. निकाल असा की वाढ संपताना लवकर सुरू केलेली मुलं आणि किशोरवयात एकदाच उपचार घेतलेली मुलं यांच्या जबड्यांत सांगण्यासारखा फरक उरत नाही. लवकर सुरू केलेल्यांना मात्र दोनदा उपचार घ्यावे लागतात, वेळ आणि पैसा जास्त जातो. एकाच गोष्टीत लवकर केलेलं फळाला येतं: पुढचे दात पडून-आपटून तुटण्याचं प्रमाण कमी होतं.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल मला दोन गोष्टी कळायला हव्यात. ती शांत बसून टीव्ही बघताना तिचे ओठ आपोआप मिटलेले असतात का, की वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले असतात? आणि ती सायकलवरून, खो-खोत, जिन्यावरून सारखी पडणारी आहे का? दोन्हींना ‘हो, दात बाहेरच असतात, हो, पडते’ असं उत्तर असेल तर आत्ता सुरू करायला माझी हरकत नाही, पण उद्देश दात वाचवण्याचा आहे, जबडा वाढवण्याचा नव्हे, हे डोक्यात स्वच्छ ठेवून. शाळेत कोणी ‘सशी’ वगैरे चिडवत असेल आणि तिला ते लागत असेल, तर तेही पुरेसं कारण आहे. त्याला अंश आणि मिलीमीटर लागत नाहीत. झोपेत तोंड उघडं ठेवून घोरत असेल तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, मग पुढचं. आणि जाता जाता, पडून पक्का दात मुळासकट बाहेर आलाच तर मुळाला हात न लावता तो दुधात टाकायचा आणि तासाभरात दाताच्या डॉक्टरांकडे पोचायचं.

यातलं काही नसेल तर मी थांबेन. पण दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेले बारा मला जरा जास्त वाटतात. मुलग्यांसाठी ठीक. मुली दोनेक वर्षं आधी उंच होऊ लागतात, आणि पाळी सुरू होते तोवर उंचीचा सर्वांत वेगाचा काळ सहसा मागे पडलेला असतो. खालचा जबडाही साधारण त्याच लाटेवर वाढतो. ती लाट पकडायची. त्यासाठी महागडं काही लागत नाही: दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने उंचीची खूण करा, शेजारी तारीख. खुणांमधलं अंतर एकदम वाढलं की फोन करा. आणि काढलेल्या एक्स-रेत मानेचे मणके आलेले असतील. त्यांच्या खालच्या कडा सपाट आहेत की खोलगट झाल्यात यावरून वाढ किती पुढे गेली याचा अंदाज घेता येतो. त्यासाठी मनगटाचा वेगळा एक्स-रे काढायची गरज सहसा पडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना हाच एक्स-रे न्या, फाइल मागून घ्या. या एका एक्स-रेतलं किरणोत्सर्जन फार थोडं, आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतं तेवढंच किंवा कमी. तरीही नुसतं क्लिनिक बदललं म्हणून पुन्हा काढू नये. आणि थ्रीडी स्कॅन सुचवला तर कशासाठी ते विचारा, त्यातले किरण बरेच जास्त असतात आणि तुम्ही लिहिलंय तेवढ्यासाठी त्याची गरज दिसत नाही.

सासरे चिडले ते उगाच नाही. हर्बर्ट रिस्ली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी मोजून माणसांची सामाजिक पायरी ठरवता येते असं मांडलं आणि १९०१ च्या जनगणनेचा तोच आयुक्त होता. पण त्यांना इतिहासातली दुसरी बाजूही आठवून द्या. आपल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्याच मोजत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची डावी-उजवी बाजू वेगळी असते आणि त्यातून त्यांचं श्रेष्ठत्व दिसतं, असं मार्गदर्शकांना हवं होतं. मोजून झाल्यावर इरावतीबाईंनी लिहिलं की हा वेडावाकडेपणा वंशावर अवलंबून नाही. तुमच्या मुलीचा चेहरा आरशात एका बाजूला किंचित वेगळा दिसत असेल तर तिला हे ऐकायला आवडेल.

सासूबाईंचं म्हणणं मला रिपोर्टाइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या कपाटातला अल्बम काढा. सासरकडच्या दोघा-तिघांचे लहानपणचे आणि तिशीतले बाजूने काढलेले फोटो सापडले, लग्नातले सहज सापडतात, तर डॉक्टरांना दाखवा. घरातल्या मोठ्यांची हनुवटी पुढे मागेच राहिली असेल तर नुसती वाट पाहून फार काही हाती लागणार नाही, आणि वाढीच्या लाटेवर उपचार करायचं कारण आणखी पक्कं होतं. पुढे आली असेल तर थांबायला धीर येतो.

आणि ताजा कलम. मोहरीच्या उशीचा आणि हनुवटीचा काही संबंध नाही. ती उशी डोक्याच्या मागच्या बाजूच्या चपटेपणासाठी वापरतात. हल्लीचे बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाला कुठलीच उशी देऊ नका म्हणतात, म्हणजे तुमचा कंटाळा काळाच्या जरा पुढेच होता.